आकडा झाकायचा तर पैसा मागू नका

लोकांचा पैसा हवा, पण हिशोब मात्र आपल्या सोयीचा तेवढाच पुढे करायचा, ही नव्या तंत्रज्ञान कंपन्यांची रीत मला मुळीच पटत नाही. आणि हा मुंबईवाल्यांचा किंवा पुरुषांचा विषय, असं कुणी म्हणू नये. आमच्या ग्वाल्हेरला, लष्करात, ज्या घरांतली शिल्लक सराफ्यात जाऊन सोनं व्हायची, तिथे आता सुना-लेकींच्या मोबाइलमध्ये डिमॅट खाती आहेत. भिशीचा नंबर लागला की पैसा शेअरात.

पेटीएमचंच घ्या. नोव्हेंबर 2021 मध्ये 2150 रुपयांना एक, असे 18,300 कोटींचे शेअर विकले. त्यातले 10,000 कोटी कंपनीत गेलेच नाहीत, ते आपले शेअर विकणाऱ्या जुन्या भागधारकांना मिळाले. बाजारात पहिल्याच दिवशी भाव सुमारे 27 टक्के पडला. पुढे डिसेंबर 2022 च्या तिमाहीत कंपनीने आनंदाने जाहीर केलं, 31 कोटींचा नफा! कशाचा? व्याज, घसारा, कर आणि ईसॉप वगळून उरलेला. त्याच तिमाहीचा निव्वळ तोटा होता 392 कोटी. दोन्ही आकडे छापलेले होते, बेकायदा काही नाही, हे मी आधीच सांगते. पण ढोल कुठल्या आकड्याचा वाजला? ईसॉप म्हणजे कर्मचाऱ्यांना पगाराच्या जोडीला दिलेले शेअर. स्वयंपाकाच्या बाईंना निम्मा पगार धान्यात दिला म्हणून तो घरखर्चात धरायचा नाही, असं मी म्हटलं तर आमच्या सासूबाई ऐकून घेतील का?

जास्त सांगितलं तर प्रतिस्पर्धी शिकतात म्हणे. इन्फोसिस 1981 मध्ये पुण्यात सुरू झाली. किती टक्के माणसं कामावर लागलेली आहेत, किती सोडून गेली, बड्या ग्राहकांकडून किती मिळकत येते, हे ती दर तिमाहीला सांगते. बुडाली का? उलट ॲपलने नोव्हेंबर 2018 मध्ये सांगितलं की आता किती आयफोन विकले ते कळवणार नाही, आणि दोनच महिन्यांत विक्रीचा अंदाज खाली आणला. आकडा चांगला असतो तोवर गुपित नसतो, बायांनो.

‘विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही’ हे उत्तर तरी आपल्या लोकांनी देऊ नये. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांत खोटा लेख आहे, तसाच न्यासापहारही आहे. ठेव ठेवणारा रक्कम विसरला आणि कमी मागू लागला, तर ‘हो, तेवढीच होती’ म्हणणं. दुकानात आपण ते पाप मानतो. कंपनीत मग काय म्हणायचं?

2022 मध्ये सेबीने एक बरा नियम केला. आधीच्या 3 वर्षांत बड्या गुंतवणूकदारांना कामगिरीची जी मोजमापं दाखवली, ती शेअर विकताना माहितीपत्रात सगळ्यांनाच दाखवायची. पण नंतर? वर्षातून एकदा, तेही किमान 1 वर्ष किंवा जमवलेला पैसा खर्च होईपर्यंत, यातलं जे उशिरा येईल तोवर. माझा शेअर माझ्याकडे 10 वर्षं राहिला तर उरलेली वर्षं मी काय बघायचं? तीच मोजमापं, त्याच व्याख्येनं, प्रत्येक धंद्याची वेगळी, दर तिमाहीला हवीत. व्याख्या बदलली तर जुने आकडेही नव्या व्याख्येनं पुन्हा मांडून द्यावेत. आणि ‘हे वगळून, ते वगळून’ नफा छापायचाच असेल, तर निव्वळ तोट्याच्या खाली छापा, त्याहून लहान अक्षरात.