मावशींना कोण विचारतो?

अतिदक्षता विभागाच्या दारात डॉक्टरांनी चार प्रश्न विचारले. काल दिवसभरात लघवी किती वेळा झाली? शेवटचे जेवण कधी, किती? असंबद्ध बोलणे नेमके केव्हापासून? मध्यंतरी कुठे पडल्या होत्या का? माझ्या आत्याचा मुलगा आणि सून एकमेकांकडे पाहू लागले. दोघेही मायाळू, दोघेही नोकरी करणारे. आत्याला काही कमी पडू नये म्हणून ब्यूरोमार्फत दिवसा एक आणि रात्री एक अशा दोन बायका त्यांनी ठेवल्या होत्या. चारांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यांना देता आले नाही. ते ज्यांना देता आले असते त्या दिवसपाळीच्या मावशी जिन्याजवळच्या बाकावर आत्याच्या कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांना आत बोलवावे, हे पंधरा मिनिटे कुणाला सुचले नाही. मलाही नाही.

मावशी मूळच्या लातूरकडच्या. आत आल्यावर त्यांनी सांगितले, "आजी शनिवारपासून येगळंच बोलायल्यात. लघवी कमी हाय, रंग बी गडद. मी ताईंना सांगितलं व्हतं." सांगितले होते, हे सुनेने लगेच कबूल केले. पण ब्याऐंशी वर्षांची बाई 'वेगळंच बोलते' म्हटल्यावर घरचे लोक ते वयाच्या खात्यावर मांडून मोकळे होतात. आत्याला मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग झाला होता. म्हाताऱ्या माणसांत तो पुष्कळदा तापाने नव्हे, तर अशा भ्रमानेच आधी दिसतो. शनिवारी डॉक्टरांना फोन गेला असता तर कदाचित गोळ्यांवर भागले असते. मंगळवारी कळले, म्हणून नऊ दिवस रुग्णालयात गेले.

आत्या बरी होऊन घरी आली, तेव्हा ही घरगुती हकिगत इथेच संपायला हरकत नव्हती. पण पुण्या-मुंबईत, नाशिक-नागपुरात आणि आता तालुक्याच्या गावीही 'ब्यूरोच्या बाई' हा संसाराचाच भाग झाला आहे. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे सुमारे १० कोटी ४० लाख लोक होते, लोकसंख्येच्या ८.६ टक्के. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाचा अंदाज असा, की २०५० पर्यंत हे प्रमाण २० टक्क्यांच्या पुढे जाईल. मुले परगावी किंवा परदेशी, घरात राहिलेले नोकरीवर, आणि म्हातारपण मात्र पूर्वीपेक्षा लांबलेले. या लांबलेल्या म्हातारपणाची शेवटची वर्षे प्रत्यक्षात सांभाळते कोण? डॉक्टर महिन्या-दोन महिन्यांनी येतात, सिस्टर इंजेक्शनपुरत्या. बाकीचे सगळे तास ज्यांच्या हाती असतात त्यांना आपण मावशी म्हणतो, पुरुष असेल तर मामा. नाते बहाल केले की त्यांचे नाव, शिक्षण, अनुभव यांपैकी काही विचारायचे राहत नाही, ही त्यातली सोय!

त्यांचे काम काय, असे विचारले तर अंघोळ घालणे, भरवणे, बेडपॅन देणे, डायपर बदलणे, चार पावले चालवून आणणे, एवढी यादी कुणीही सांगेल. ही यादी खरी असली तरी अपुरी आहे. अंघोळ घालताना माकडहाडावर किंवा टाचेवर लाल चट्टा दिसतो. तो दाबल्यावरही फिका होत नसेल तर शय्याव्रणाची ती सुरुवात असते, आणि दोन दिवसांत तिथली कातडी सुटू शकते. चहा पिताना रोज ठसका लागू लागला तर गिळण्यात काही बिघडले आहे. अशा माणसाला पडल्या पडल्या भरवले तर घास फुफ्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. कालपर्यंत स्वतः बटण लावणारे आजोबा आज शर्ट पुढे करतात, यालाही अर्थ असतो. हे सगळे पाहणारे डोळे घरात एकाच माणसाला असतात. मात्र त्या डोळ्यांनी पाहिलेले डॉक्टरांच्या कानापर्यंत नेणारी वाट आपण बांधलेली नाही, आणि माझ्या मते या साऱ्या व्यवस्थेतला मुख्य दोष तोच आहे.

अशी वाट असली की काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग १९७३ पासून २०१५ पर्यंत, म्हणजे ४२ वर्षे अंथरुणावर होत्या. २०११ साली त्यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले, तेव्हा इतक्या वर्षांत त्यांना शय्याव्रण झाले नसल्याचे न्यायालयासमोर आले आणि रुग्णालयातील परिचारिका व कर्मचाऱ्यांची न्यायालयाने मनापासून प्रशंसा केली. दया, माया यांचा वाटा त्यात मोठा होताच. पण ४२ वर्षांत पाळ्यांमागून पाळ्या बदलल्या, माणसे निवृत्त झाली, नवी आली. एकीचा निरोप दुसरीपर्यंत पोहोचला नसता, तर नुसत्या मायेने हे साधले नसते.

घरी काय घडते? सकाळी आठला रात्रपाळीच्या बाई चपला घालत असतात, तेव्हा दिवसपाळीच्या बाई चपला काढत असतात. "बऱ्या हायेत आजी," एवढ्यावर बारा तासांचा हवाला संपतो. वृद्धाश्रमात एकेका मावशीकडे आठ-दहा खाटा. तिथे तर तेवढेही बोलणे होईलच असे नाही.

मावशी सगळ्या देवमाणसे असतात, असेही नाही. कानाला मोबाइल लावून घास भरवणाऱ्या, "गिळा लवकर" म्हणून खेकसणाऱ्या मी पाहिल्या आहेत. एका घरचे भांडण दुसऱ्या घरी नेणाऱ्या आहेत, आणि हल्ली आजीची चित्रफीत करून जगाला दाखवणाऱ्याही. आजी पडली तर ते लपवले जाते, ही सगळ्यांत घातक गोष्ट. मात्र लपवण्यामागचे कारणही ऐकले पाहिजे. एका मावशींनी मला सरळ सांगितले, "पडल्या म्हणून सांगितलं की दुसऱ्या दिवशी काम जातं. नाही सांगितलं तर कधी कधी काहीच होत नाही." खरे बोलण्याची शिक्षा आणि गप्प बसण्याचे बक्षीस, असा हा हिशेब आपणच लावून दिला आहे. मग आपण भिंतीवर कॅमेरा बसवतो आणि परदेशातला मुलगा मध्यरात्री उठून त्यात डोकावतो. बाईने थप्पड मारली तर ते कॅमेऱ्यात दिसेल. आजींचा भात तीन दिवसांपासून निम्म्यावर आला आहे, हे दिसणार नाही.

बोलण्याचा आणखी एक भाग आहे, तो खाटेवरच्या माणसाशी. पक्षाघाताने वाचा गेलेल्या माणसाला समजत असते, निदान पुष्कळदा. आपण मात्र त्याच्या अंगावरून हात नेत पलीकडच्याशी बोलतो, "यांना आज झाली का?" स्मृतिभ्रंश झालेल्या आजीने पन्नास वर्षांपूर्वी गेलेल्या आईला हाक मारली, तर तिच्याशी वाद घालायचा नसतो. समोर, तिच्या डोळ्यांच्या पातळीवर बसायचे, एका वेळी एकच गोष्ट विचारायची आणि उत्तराला वेळ द्यायचा. कमी ऐकू येत असेल तर आधी कानातले यंत्र लावायचे, मग बोलायचे. यात अवघड काही नाही, पण कुणीतरी शिकवल्याशिवाय हे येत नाही. सुशिक्षित मुलांनाही आलेले नसते.

दुसरी न शिकवलेली गोष्ट म्हणजे कामाची हद्द. इन्सुलिनचे इंजेक्शन, नाकातली नळी बदलणे, लघवीची नळी घालणे ही प्रशिक्षित परिचारिकेची कामे. तिला त्यासाठी दोन-तीन-चार वर्षांचा अभ्यासक्रम आणि परिषदेकडे नोंदणी असते. पण सिस्टरचे पैसे जास्त, म्हणून "मावशी, तुम्हाला येतंच की" असे म्हणत आपणच ती कामे त्यांच्यावर टाकतो. बिघडले की मात्र दोष त्यांचा.

आत्याचा धाकटा मुलगा अमेरिकेत असतो. तिच्या आजारपणात त्याने फोनवर पहिला प्रश्न केला, "ब्यूरोने त्यांना ट्रेनिंग काय दिलंय?" इथे कुणाला तो सुचलाच नव्हता. त्याला सुचला, कारण तिकडच्या शुश्रूषागृहांत या कामाला कायद्याने पाया आहे. वृद्धांच्या हालांविषयी तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने १९८६ मध्ये अहवाल दिला आणि १९८७ च्या डिसेंबरात कायदा झाला. सरकारी आरोग्य योजनांचे पैसे घेणाऱ्या शुश्रूषागृहात साहाय्यकाला किमान ७५ तासांचे प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची झाली. त्यातले १६ तास रहिवाशाच्या अंगाला हात लावण्याआधी पुरे करावे लागतात. ('रुग्ण' नव्हे, 'रहिवासी', हेही लक्षात घेण्याजोगे.) त्या १६ तासांच्या विषयांत यादीच्या अग्रभागी आहे तो संवाद. मग संसर्ग टाळणे, आणीबाणीचा प्रसंग, रहिवाशाला स्वतःचे स्वतः करू देणे आणि त्याचे हक्क. पुढे दरवर्षी किमान १२ तासांची उजळणी. कुणी छळ किंवा चोरी केल्याचे सिद्ध झाले तर राज्याच्या नोंदवहीत त्याची नोंद होते. तिथेही सगळे आलबेल नाही. माणसे टिकत नाहीत, आणि किती रहिवाशांमागे किती कर्मचारी हवेत याचा २०२४ साली केलेला नियम २०२५ मध्ये न्यायालयाने रद्द ठरवला. तरी बाईला कामावर पाठवण्याआधी काही शिकवावे लागते, एवढे तिथे ठरलेले आहे.

आपल्याकडे काहीच ठरत नाही, असे म्हणावे तर तेही खरे नाही. सोसायटीच्या फाटकावरचा रखवालदार पाहा. खासगी सुरक्षा संस्थांसाठी २००५ साली केंद्राचा कायदा झाला. संस्थेला परवाना लागतो. २००६ च्या नमुना नियमांत रखवालदाराला १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष असे प्रशिक्षण सांगितले आहे. फाटकावर उभे राहण्यासाठी १६० तास, आणि त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आजीच्या तोंडात घास घालणाऱ्या बाईसाठी देशभर लागू असलेली सक्ती शून्य तासांची! 'जनरल ड्यूटी असिस्टंट' नावाचे कौशल्य अभ्यासक्रम आहेत, चांगलेही आहेत. पण ते केलेच पाहिजेत असे ब्यूरोवर बंधन नाही.

ज्येष्ठ नागरिकांसाठीचा २००७ चा कायदा मुख्यतः मुलांनी आई-वडिलांना पोसण्याविषयीचा. त्यात दुरुस्ती करणारे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आले. घरी सेवा पुरवणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि त्यांच्यासाठी किमान मानके, अशा तरतुदी त्यात होत्या. ते स्थायी समितीकडे गेले, समितीचा अहवाल आला, आणि २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपताच विधेयकही बाद झाले. त्यावर फारशी हळहळ कुणी व्यक्त केली नाही. ज्येष्ठांच्या मेळाव्यात प्रवासाच्या सवलतीविषयी जितके बोलले जाते, त्याच्या दहाव्या हिश्शाने जरी याविषयी बोलले गेले असते तर बरे झाले असते.

आत्याच्या घरी आम्ही दोनशे पानी वही आणली. भात किती, पाणी किती, लघवी किती वेळा, कूस कधी बदलली, आणि शेवटी 'आज वेगळे काय वाटले' असा एक रकाना. वहीच्या पुठ्ठ्यावर डॉक्टरांचा नंबर आहे, आणि घरच्यांना न विचारता मावशींनी तो लावावा असे त्यांना सांगून ठेवले आहे. पडल्याचे सांगितले म्हणून काम जाणार नाही, हेही आत्याच्या मुलाने दोघींना समोर बसवून सांगितले. मावशी सातवीपर्यंत शिकलेल्या. पहिला आठवडा त्यांना लिहायचा संकोच वाटला. दुसऱ्या आठवड्यात शेवटच्या रकान्यात ओळ आली, 'डाव्या टाचेला लाल. उशी लावली.' डॉक्टर ती वाचून त्याच दिवशी येऊन गेले.

मावशींच्या मुलीचे बाळंतपण आले आणि त्या गावी गेल्या. ब्यूरोने दुसऱ्या बाई पाठवल्या. पूर्वी अशा वेळी सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचे. या वेळी सुनेने त्यांच्या हातात आधी वही दिली. नव्या बाईंनी उभ्या उभ्या दोन पाने वाचली आणि विचारले, "यात समदं हाय. पण आजींना हाक काय मारायची, त्ये नाही लिहिलं."