सप्रेम भेटीचा रोग

पुस्तक फुकट घ्यावयाचे, कपाटात ठेवावयाचे आणि लेखक भेटला की 'चाळले, छान आहे' असे म्हणावयाचे, ही पांढुर्णा-सौंसर भागातील वाङ्मयप्रेमाची रीत होऊन बसली आहे. तिला रसिकता म्हणावयास आम्ही तयार नाही. ही रीत लहान प्रकाशनाचा गळा घोटते. आणि आपल्या भागातले मराठी पुस्तक निघालेच, तर ते बहुधा लहान प्रकाशनातूनच निघणार आहे.

१ नोव्हेंबर १९५६ पूर्वी नागपूर ही आपलीच राजधानी होती. राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला आणि मराठी ग्रंथव्यवहाराचा राजाश्रय सीमेपलीकडचा झाला. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. दोहोंचा आनंद आहे. पण जिल्हा काय नि दर्जा काय, पुस्तक छापीत नाहीत.

'लहान प्रकाशनाला किंमत कोण देतो?' असा प्रश्न येईल. अशोक शहाणे यांचे 'प्रास प्रकाशन' हे मोठे दुकान कधीच नव्हते. पण अरुण कोलटकरांचा पहिला मराठी संग्रह १९७७ मध्ये तेथूनच निघाला; पुढे त्याच प्रकाशनाच्या 'भिजकी वही'ला २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मोठेपण मजकुरात असते, गोदामात नव्हे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. ऑफसेटमध्ये प्लेटा आणि जुळणी यांचा खर्च थोड्या प्रतींनाही तेवढाच पडतो. म्हणून पाचशे प्रती काढण्याची सवय लागली आणि उरलेल्या प्रती 'सप्रेम भेट' म्हणून वाटण्याचीही. आता डिजिटल छपाईत शंभर प्रतीही काढता येतात. मग शंभर काढाव्या आणि त्या विकाव्या. भेट द्यावयाचीच, तर १९५४ चा कायदा सांगतो तेथे द्यावी: कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना, तीस दिवसांच्या आत. नातलगाच्या माळ्यापेक्षा ती जागा बरी.

टपालाचीही अडचण आहे. नोंदणीकृत बुकपोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाले. मे २०२५ मध्ये 'ज्ञान पोस्ट' आले. तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये हा त्याचा आरंभीचा दर. मात्र त्यात नियतकालिकांना जागा नाही. म्हणजे आपल्यासारख्या त्रैमासिकाला ही सवलत नाही! शासनाने हा भेद दूर करावा, अशी आमची मागणी आहे. पण वाचकाने वर्गणी थकवून शासनाला दोष देऊ नये.

आणि आपण लिहिले नाही तर काय होते? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होते. बाहेरचे बातमीदार येतात आणि जखमींची संख्या मोजून परत जातात. पांढुर्णा आणि सावरगावच्या घरांत त्या दिवशी काय बोलले जाते, ते कोणत्या मराठीत बोलले जाते, संत्र्याच्या बागेत आणि कापसाच्या वेचणीत कोणते शब्द अजून जिवंत आहेत, हे ते लिहिणार नाहीत. नातवंडे हिंदीत शिकत आहेत. हे शब्द आज छापले गेले नाहीत, तर उद्या विचारावयालाही कोणी उरणार नाही.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच: आपल्या भागातील लेखकाचे पुस्तक निघाले की प्रत्येक घराने एक प्रत छापील किमतीला घ्यावी, वाचावी, आणि पटले नाही तर तसे स्पष्ट लिहून कळवावे. विकत घेतलेल्या पुस्तकावरच टीका करण्याचा अधिकार पोहोचतो.