विश्लेषण : ‘ओके’ म्हणजे नेमके काय? संवाद कुठे तुटतो?

निरोप मिळाला, निरोप समजला की सांगितले ते मान्य आहे? व्हॉट्सअ‍ॅपवर या तिन्हींसाठी ‘ओके’ चालून जाते. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर मात्र या शब्दाने घात केला.

टेनेरिफला काय घडले?

दाट धुक्यात एकाच धावपट्टीवर केएलएम आणि पॅन अ‍ॅमची दोन बोइंग ७४७ विमाने होती. नियंत्रकाने केएलएमला उड्डाणानंतरचा मार्ग सांगितला होता. उड्डाणाची परवानगी दिली नव्हती. सहवैमानिकाने मार्ग परत वाचून दाखवला आणि शेवटी ‘आम्ही आता टेकऑफवर आहोत’ अशा अर्थाचे वाक्य जोडले. विमान तेव्हा धावू लागले होते. नियंत्रकाला वाटले, ते परवानगीची वाट पाहत उभे आहे. तो ‘ओके’ म्हणाला आणि क्षणभराने त्याने थांबायला सांगितले. नेमके त्याच वेळी पॅन अ‍ॅमचे वैमानिक ‘आम्ही अजून धावपट्टीवर आहोत’ असे सांगत होते. दोन्ही आवाज एकमेकांवर आदळले. केएलएमच्या कॉकपिटमध्ये स्पष्ट ऐकू आले ते फक्त ‘ओके’. पुढे शिट्टीसारखा आवाज. फ्लाइट इंजिनीअरने शंका काढली, पण ज्येष्ठ कॅप्टनने ती उडवून लावली. ५८३ जणांचा बळी गेला.

मग चूक कशात होती?

क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या सिद्धांतात संदेश पाठवणारा, माध्यम, स्वीकारणारा आणि मध्ये येणारा गोंगाट यांचा विचार आहे. ती शिट्टी म्हणजे असा गोंगाट. पण ‘ओके’ तर स्वच्छ ऐकू आले होते! शॅनन यांनी अर्थाचा प्रश्न मुद्दाम बाजूला ठेवला होता. माणसांचे घोडे तिथेच अडते. शिवाय कॅप्टनच्या ज्येष्ठतेपुढे दबलेली शंका कोणत्या यंत्रावर मोजणार?

नंतर काय बदलले?

‘टेकऑफ’ हा शब्द परवानगी देताना वा रद्द करतानाच वापरायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचे, असा नियम आला. महत्त्वाच्या सूचनांना ‘ओके’ पुरत नाही. सूचना परत बोलून दाखवावी लागते. कनिष्ठांनी कॅप्टनला टोकावे, याचेही प्रशिक्षण सुरू झाले.

दवाखान्यांतही ही युक्ती वापरली जाते. ‘समजले ना?’ विचारले की रुग्ण भिडेपोटी मान डोलावतो. ‘घरी गेल्यावर गोळ्या कशा घ्याल, सांगा बघू’ म्हटले, की सकाळची गोळी रात्रीच्या पुडीत गेल्याचे तिथल्या तिथे कळते.