छंद, श्रम आणि कोरे पान

हाताने शुभेच्छापत्रे बनविणे हा आपल्याकडे फावल्या वेळेचा छंद समजला जातो. आम्हां घुग्घुसकरांना मात्र त्याकडे निव्वळ करमणूक म्हणून पाहता येत नाही. कारण आमच्याच जिल्ह्यात, वरोऱ्याच्या आनंदवनात, हे काम माणसाच्या प्रतिष्ठेशी जोडले गेले आहे. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली, ती भिक्षेला श्रमाचा पर्याय देण्यासाठी. तेथे कुष्ठमुक्त आणि अपंग कारागिरांनी घडविलेली शुभेच्छापत्रे घरोघरी पोहोचली.

पण ती घेताना आपण नेमके काय विकत घेतो? पुष्कळदा केवळ स्वतःच्या मनाचे समाधान. घडी सरळ आहे का, रंगसंगती साधली आहे का, हे न पाहताच आपण पैसे देतो आणि कारागिराला नकळत पुन्हा याचकांच्या रांगेत उभे करतो. आमच्या मते, कार्डाची चोख पारख करणे हाच त्या हातांचा खरा सन्मान होय.

दुसरा प्रश्न आतल्या कोऱ्या पानाचा. १८४३ साली लंडनच्या हेन्री कोल यांनी पहिले मानले जाणारे व्यापारी नाताळकार्ड काढले, ते पत्रे लिहिण्याचे कष्ट वाचावेत म्हणूनच! आज मोबाईलवर आलेला संदेश तसाच पुढे ढकलताना तेवढेही कष्ट उरलेले नाहीत. मग दुसऱ्याच्या श्रमाने सजलेल्या कार्डात स्वतःच्या मराठीतली दोन वाक्येही आपल्याला लिहिता येऊ नयेत? तेवढा श्रम तरी आपल्या वाट्याचा आहे.