फोन पारखावा वावरात



पेरणीआधी बियाण्याची उगवण घरी तपासून घ्या, हे आपण या सदरातून दर वर्षी सांगत आलो आहोत. पिशवीवर काहीही छापलेले असो, आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि उगवलेले मोजतो. सोयाबीनचे सत्तर दाणे उगवले की मगच तिफण जुंपतो. मग आठ-दहा हजारांचा मोबाइल घेताना मात्र खोक्यावरच्या आकड्यांवर भरवसा ठेवून आपण घरी का येतो? आजचा विषय हाच आहे.

गेल्या खरिपातली गोष्ट. काटोलकडच्या एका शिवारात गेलो होतो. ई-पीक पाहणीची मुदत संपायला दोनच दिवस होते. धुऱ्यावर नवरा-बायको उभे होते आणि हातात नवा फोन होता, पोळ्याच्या आधी नागपूरला बर्डीवरून आणलेला. "पाहा ना साहेब," शेतकरी म्हणाले, "घरी चांगला चालते, अन् वावरात आणला का आंधळा होते." खरेच, दुपारच्या उन्हात पडद्यावर काही दिसेना. वहिनींनी पदराची सावली धरली, तेव्हा कुठे गट क्रमांक भरता आला. पण पऱ्हाटीचा फोटो काढायची वेळ आली की ॲप आपोआप बंद पडे. असे तीन वेळा झाले. शेवटी शेजारच्या वावरातल्या भावाला हाक मारली आणि त्याच्या चार वर्षे जुन्या फोनवरून नोंद केली. वहिनी एवढेच म्हणाल्या, "पिशवीभर पैसे देऊन शेजाऱ्याचाच फोन कामी आला."

हा प्रसंग हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यात पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करण्याची पद्धत सुरू झाली. ती नोंद सातबाऱ्यावर येते आणि नुकसानभरपाई, पीक विमा, हमीभावाची खरेदी या सगळ्या ठिकाणी तीच पाहिली जाते. २०२५-२६ च्या हंगामात कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस द्यायचा, तर त्याचीही नोंदणी 'कपास किसान' या ॲपवर होती. पुण्याच्या हवामान संस्थेचे 'दामिनी' ॲप जवळपास वीज पडण्याचा धोका कळवते. म्हणजे फोन ही आता चैनीची वस्तू राहिली नाही, तो विळा-पांभरीसारखा अवजारांत आला आहे. आणि अवजार पारखायचे ते कामावर.

तर दुकानात गेल्यावर काय पाहावे?

पहिली पारख उन्हाची. दुकानातल्या दिव्याखाली प्रत्येक पडदा झळाळतो. फोन हातात घेऊन दुकानाच्या पायरीवर, उघड्या उन्हात या. पडद्याचा उजेड पूर्ण वाढवा आणि एखादा मराठी मजकूर वाचून पाहा. कपाळाला आठ्या न घालता वाचता आला तर पुढे चला. दुकानदार बाहेर नेऊ देत नसेल तर दुसरे दुकान पाहा.

दुसरी पारख आकड्यांची. खोक्यावर मोठ्या अक्षरांत "८ जीबी रॅम" लिहिलेले असते आणि खाली बारीक अक्षरांत "४ + ४". यातली पहिली चारच खरी. उरलेली चार ही साठवणीच्या जागेतून उसनी घेतलेली असतात आणि ती खऱ्या रॅमइतकी वेगाने चालत नाहीत. उसन्या बैलावर किती नांगरट होते, हे आपल्याला सांगायला नको. खरी रॅम चारपेक्षा कमी असलेला फोन आज घेऊ नये. सहा मिळाली तर चांगलेच. साठवण ६४ जीबीच्या खाली नको, आणि त्यातलीही बरीच जागा फोनच्या स्वतःच्या यंत्रणेत जाते हे लक्षात ठेवा. जमल्यास १२८ घ्या. काटोलच्या त्या फोनमध्ये साठवण कमी होती. ती सकाळच्या शुभेच्छांच्या चित्रांनी आणि लग्नांच्या चित्रफितींनी भरली होती, म्हणून ॲपला श्वास घ्यायला जागाच नव्हती. त्या चित्रांची साफसफाई केली तेव्हा तोच फोन पुष्कळ बरा चालू लागला. महिन्यातून एकदा कोठी झाडतो तसा फोनही झाडावा.

तिसरी पारख कॅमेऱ्याची. मागे तीन-चार गोल काचा दिसल्या म्हणून भुलू नका. स्वस्त फोनांत त्यातल्या एक-दोन नुसत्या शोभेच्या असतात. आपल्याला फोटो हवा असतो तो डोमकळीचा, पानाखालच्या तुडतुड्यांचा, संत्र्याच्या फांदीवरच्या डिंकाचा. मला दर आठवड्याला असे फोटो येतात आणि त्यातले निम्मे इतके धूसर असतात की बोंडअळी आहे की नुसती सुकलेली पाकळी, ते सांगता येत नाही. चुकीचा सल्ला गेला तर फवारणीचा खर्च वाया जातो. म्हणून फोन घ्यायला जाताना किडीने खाल्लेले एक पान पिशवीत टाकून न्या. दुकानातच एका वितीवरून फोटो काढा, मोठा करून पाहा. शिरा आणि छिद्रे स्वच्छ दिसली तर कॅमेरा पास.

चौथी पारख रेंजची. ही दुकानात होत नाही, गावात होते. फोन घेण्याआधी आपल्या वावरात, विहिरीजवळ आणि घरात कोणत्या कंपनीचे सिम चालते ते शेजाऱ्यांना विचारा. फाइव्ह-जी आपल्या देशात ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाले. ते शिवारात पोहोचले असेल तर उत्तम, नसेल तर केवळ त्यासाठी हजार-दोन हजार जास्त मोजू नका. मात्र दोन सिमची सोय असू द्या.

पाचवी पारख बॅटरीची आणि उन्हाळ्याची. ५,००० एमएएचची बॅटरी साध्या वापराला दिवसभर पुरते. पण आपल्या नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. तापलेला फोन उन्हात किंवा ट्रॅक्टरच्या टपावर ठेवून चार्ज केला तर बॅटरी लवकर खराब होते. चार्जिंग सावलीत करा आणि फोन उशीखाली ठेवून तर कधीच करू नका. चार्जर खोक्यात आहे की वेगळा घ्यावा लागेल, हेही आधी विचारा. हल्ली बरेच फोन चार्जरविना येतात.

सहावी पारख पुढच्या वर्षांची. फोनला सुरक्षेची दुरुस्ती, ज्याला अपडेट म्हणतात, किती वर्षे मिळणार ते विचारा. यंत्रणा फार जुनी झाली की बँकेची ॲप चालणे बंद होते. १ जानेवारी २०२५ पासून अँड्रॉइड ४.४ आणि त्याआधीच्या फोनांवर व्हॉट्सॲपही बंद झाले. दुरुस्तीचे केंद्र कुठे आहे तेही पाहा. त्यासाठी दर वेळी नागपूर गाठायचे म्हटले तर भाडे आणि बुडालेली मजुरी फोनच्या किमतीतच धरा. पक्के बिल घ्याच. दाद लागली नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

जुना फोन घेणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. प्रत्येक फोनला पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक असतो. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असे दाबले की तो पडद्यावर दिसतो. केवायएम ही इंग्रजी अक्षरे, मग एक जागा सोडून तो क्रमांक, असा संदेश १४४२२ वर पाठवा. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर कळेल. चोरीचे जनावर बाजारातून आणण्यासारखेच हे आहे, पैसे जातात आणि पोलिसांचे निस्तरावे लागते ते वेगळेच.

आता घरातल्या एका गोष्टीविषयी, आणि हे विशेषकरून बंधूंना सांगतो. त्या दिवशी परतताना वहिनींनी मला हळूच विचारले, "साहेब, फोन यांच्यासंगं दिवसभर वावरात राहते. माझ्या खात्याचा ओटीपी त्याच्यावर येते. मी बँकेत उभी राहू, का यांना शोधत वावरात जाऊ?" बचत गटाचे पैसे, लाडक्या बहिणीची ई-केवायसी, गॅसची नोंदणी, सगळ्याला तोच क्रमांक दिलेला होता. यावर माझा सल्ला असा: दहा हजारांचा एक फोन म्हणजे १,३५० रुपयांच्या भावाने डीएपीच्या सात पोत्यांहून जास्त पैसे. तेवढे घालताना कामाचा स्मार्टफोन आठ-नऊ हजारांत बसवा आणि उरलेल्या पैशांत एक साधा बटणांचा फोन घ्या. घरधनिणीचे सिम तिच्याच फोनमध्ये राहू द्या. बटणांच्या फोनवर ओटीपीचा संदेश येतो, मार्च २०२२ पासून त्यावरून पैसेही पाठवता येतात आणि १८००-१८०-१५५१ या किसान कॉल सेंटरला मराठीतून फोनही लावता येतो. ओटीपी मात्र फोनवर कोणालाही सांगायचा नाही, समोरचा बँकेचा साहेब म्हणवत असला तरी. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० ला कळवा.

ज्या घरात जुना फोन अजून नीट चालतो, त्यांनी शेजाऱ्याने घेतला म्हणून नवा घेऊ नये. आधी जुना साफ करा, नको ती चित्रे काढा आणि एकदा वावरात नेऊन पाहा. उन्हात दिसला, पिकाची नोंद पूर्ण झाली, पानाचा फोटो स्वच्छ आला, तर तोच तुमचा फोन. नाहीच जमले तर वर सांगितलेल्या सहा पारखा कागदावर लिहून बर्डीला जा. पिशवीत किडलेले पान न्यायला विसरू नका. दुकानदार हसेल, हसू द्या. मुदतीच्या शेवटच्या दिवशी धुऱ्यावर उभे तुम्हाला राहायचे आहे, त्याला नाही.