आधी टप्पे, मग सॉफ्टवेअर

"कुठलं बिलिंग सॉफ्टवेअर घेऊ रे?" असं कोणी विचारलं की आम्हा आयटीवाल्यांचा चेहरा खुलतो. टॅली घे, झोहो घे, फुकट हवं तर ईआरपीनेक्स्ट टाक! एखादा उत्साही तर "मीच लिहून देतो, दोन वीकेंडचं काम" असंही म्हणतो. (त्याच्यापासून लांब राहा. दोन वीकेंड उलटल्यावर तो फोन उचलत नाही.)

माझं मत विचाराल तर प्रश्नच उलट्या क्रमाने विचारला जातो. किराणा दुकानात माल गेला की बिल झालं. प्रोजेक्टचं तसं नसतं. काम चार-सहा महिने चालतं, पैसे टप्प्याटप्प्याने यायचे असतात आणि टप्पा पूर्ण कधी झाला यावर दोन बाजूंचं एकमत नसतं. हे कुठलंही सॉफ्टवेअर ठरवून देत नाही.

माझ्या मावसभावाचंच बघा. पुण्यात त्याचं इमारतींच्या एसी आणि डक्टिंगची डिझाइन्स करून देणारं ऑफिस आहे. नऊ माणसं, हातात कामं भरपूर, आणि पगाराची तारीख जवळ आली की बँकेत खडखडाट. त्याला वाटत होतं सॉफ्टवेअर घेतलं की बिलं वेळेवर जातील. मी म्हटलं, आधी वर्क ऑर्डरी काढ.

पहिल्याच ऑर्डरीत होतं, "३० टक्के रक्कम ड्रॉइंग झाल्यावर".

"ड्रॉइंग पाठवली की झालंच की!" तो म्हणाला.

"दादा, क्लायंट म्हणतो मंजूर केल्यावर झाली. आता बिल कोणत्या तारखेचं काढणार?"

मग आम्ही साध्या वहीत प्रत्येक प्रोजेक्टसाठी चार रकाने आखले: टप्पा, टक्के, टप्पा पूर्ण झाल्याचा पुरावा (मंजुरीची मेल किंवा सही-शिक्का), आणि अकाउंट्सला कळवणार कोण. चौथ्या रकान्यात कुणाचंच नाव नव्हतं! डिझाइन करणाऱ्याला वाटायचं साहेब सांगतील, साहेबांना वाटायचं अकाउंटंट विचारेल. काम झालेलं, मंजूर झालेलं, आणि बिलच गेलेलं नाही.

तारखेचा घोळ महागातही पडतो. पैसे टप्प्याला बांधलेले असतील तर जीएसटी कायद्याप्रमाणे टॅक्स इन्व्हॉइस टप्पा पूर्ण होईपर्यंत निघायला हवं. उशीर केला तर नियम मोडतो आणि पैसेही लांबतात. मंजुरीआधीच घाईने काढलं तर क्लायंट रुपया देवो न देवो, दरमहा रिटर्न भरणाऱ्याला पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत कर आपल्या खिशातून भरावा लागतो. नुसती रक्कम कळवायची असेल तर प्रोफॉर्मा पाठवावा. आणि उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या उद्योगाला २००६ च्या एमएसएमईडी कायद्याचा आधार आहे: करारात काहीही लिहिलं तरी पैसे द्यायची मुदत ४५ दिवसांच्या पुढे जात नाही. पण ते दिवस मोजायला काम कधी स्वीकारलं याचा पुरावा लागतो. म्हणजे पुन्हा आपला तिसरा रकाना!

हे झालं की सॉफ्टवेअर निवडणं सोपं होतं. डेमोमध्ये रंगीत चार्ट बघू नका, तीन गोष्टी करून दाखवायला सांगा.

एक, प्रोजेक्टची स्वतंत्र नोंद होते का? इमारतीशी थेट संबंधित सेवेचं 'पुरवठ्याचं ठिकाण' म्हणजे जिथे इमारत आहे ते ठिकाण. क्लायंट पुण्याचा, पण इमारत सुरतेला, तर पुण्याच्या ऑफिसला आयजीएसटी लावावा लागतो. सॉफ्टवेअर राज्य फक्त क्लायंटच्या पत्त्यावरून उचलत असेल तर ते गुपचूप सीजीएसटी-एसजीएसटी लावून मोकळं होईल. ही माहिती प्रोजेक्टकडेच हवी.

दोन, पैसे जमा करताना टीडीएस नोंदवता येतो का? समजा १,००,००० चं बिल, वर १८ टक्के जीएसटी, एकूण १,१८,०००. क्लायंटने व्यावसायिक फी म्हणून मूळ रकमेवर १० टक्के कापले, तर खात्यात येणार १,०८,०००. उरलेले १०,००० थकबाकी म्हणून दिसत राहिले तर वर्षअखेरीस यादी इतकी फुगते की खरा बुडवा कोण तेच कळत नाही.

तीन, टप्पे आधीच भरून ठेवता येतात का, आणि पूर्ण झालेला पण बिल न गेलेला टप्पा एका यादीत दिसतो का? माझ्या मते सगळ्या सॉफ्टवेअरमधला हा एकच रिपोर्ट रोज उघडण्यासारखा आहे.

बाकी किरकोळ. बिल नंबर १६ अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही, त्यामुळे त्यात क्लायंटचं नाव कोंबू नका. उलाढाल ५ कोटींच्या वर गेली असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस लागू आहे, तेवढी सोय बघा. जुनी बिलं सगळी चढवत बसू नका. १ एप्रिलपासून सुरुवात करा आणि आधीची फक्त थकबाकी आणा.

आता तुम्ही म्हणाल, एवढं सगळं वहीत लिहिलं तर सॉफ्टवेअर हवंच कशाला? तीन-चार प्रोजेक्ट असतील तर खरंच नको, एक्सेल पुरतं. वीस झाले की लक्षात ठेवायला यंत्र हवं. पण यंत्र लक्षात ठेवतं, ठरवत नाही. ठरवायचं काम मालकाचं, आणि ते वर्क ऑर्डरवर सही करतानाच करायचं असतं. "ड्रॉइंग झाल्यावर" हे दोन शब्द खोडून "ड्रॉइंग मंजूर झाल्यावर, किंवा पाठवल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत न आल्यास" असं लिहायला कुठलंही लायसन्स लागत नाही.