एका दिवसाने काय होतं?



माझ्या दवाखान्यात सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य कोणतं, असं कुणी विचारलं तर मला आठवावं लागणार नाही. "डॉक्टर, एका दिवसाने काय होतं?" रिपोर्टमध्ये साखर २८० आलेली असते. मी कारण विचारतो. नातीचा वाढदिवस होता, मेव्हण्याच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस होता, मुलाला प्रमोशन मिळालं म्हणून सगळे जेवायला गेलो होतो. आणि मग हसत हसत हे वाक्य येतं.

आज मी या वाक्याविरुद्ध लिहिणार आहे. वाढदिवसाविरुद्ध नाही, हॉटेलविरुद्ध नाही, केकविरुद्धही नाही. तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये या चार शब्दांनी जेवढं नुकसान केलेलं मी पाहिलं आहे, तेवढं एखाद्या साथीनेही केलेलं नाही, असं मला कधी कधी वाटतं.

शनिवारची एक रात्र

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) आजोबा ७४ वर्षांचे, मधुमेह वीस वर्षांपासून. माणूस अतिशय शिस्तीचा. संध्याकाळी साडेसातला ग्लिमेपिराइडची गोळी, आठला ताटावर. या नेमात कधी खंड नाही.

त्या दिवशी नातवाचा पाचवा वाढदिवस होता. हॉटेल घरापासून चालत दहा मिनिटांवर. "जवळच तर जायचंय" म्हणून कुणी फार विचार केला नाही. आजोबांनी नेमाप्रमाणे साडेसातला गोळी घेतली. सगळ्यांचं आवरून निघायला सव्वाआठ वाजले. शनिवारची गर्दी, बाहेर खुर्च्यांवर वेटिंग. टेबल मिळालं नऊला. मग उशिरा येणाऱ्या पाहुण्यांची वाट पाहणं, मग केक, मग फोटो, मग पुन्हा फोटो. जेवणाची ऑर्डर गेली तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते.

पावणेदहाला आजोबांना घाम फुटला. एसी चालू असताना. ते नातवाला त्याच्या बापाच्या नावाने हाक मारू लागले. टेबलावर हशा पिकला, "आजोबा दमले" असं कुणीतरी म्हणालं. मग ते चिडले, उठून घरी जायला निघाले आणि खुर्चीला अडखळले. आता घरचे घाबरले. सुनेला आठवलं, की त्यांनी केकचं क्रीम बोटाने चाखलं होतं. "शुगर वाढली असणार, त्यांना गोड काही देऊ नका!" केक आणि सरबत दोन्ही त्यांच्यापुढून उचललं गेलं.

रिक्षात घालून त्यांना माझ्याकडे आणलं. माझं घर दवाखान्याच्या वरच आहे. ग्लुकोमीटरवर आकडा आला ४१.

साखर वाढली नव्हती. धोक्याच्या पातळीच्या खूप खाली गेली होती. ७० च्या खाली म्हणजे साखर कमी, ५४ च्या खाली म्हणजे गंभीर. ही गोळी स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न येवो न येवो, गोळी आपलं काम करते. आजोबांच्या पोटात दुपारी चारच्या चहानंतर बोटभर क्रीमशिवाय काहीही नव्हतं.

नशिबाने ते गिळू शकत होते. पाण्यात साखर विरघळवून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, पुन्हा दिली. माणूस हळूहळू भानावर आला. तरीही मी त्यांना रात्रभरासाठी हॉस्पिटलमध्ये पाठवलं, कारण या गोळीचा असर बराच वेळ टिकतो आणि म्हाताऱ्या माणसात साखर पुन्हा घसरू शकते.

टेबलावर दोन किलोचा केक होता, कोल्ड्रिंकच्या चार बाटल्या होत्या, आणि त्याच टेबलावर एक माणूस साखर कमी झाल्यामुळे शुद्ध हरपण्याच्या बेतात होता. भोवती त्याच्यावर जीव टाकणारी चौदा माणसं होती.

दोष हॉटेलचा नव्हता. त्या रात्री त्या घरात एकच चूक झाली. एका दिवसाने काही होत नाही, असं सगळ्यांनी गृहीत धरलं.

जरा हिशेब करू या

पण हा "एक दिवस" तरी एकच असतो का? चाळिशीच्या एका पेशंटला मी प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या बाजूला हिशेब लिहायला लावला. घरात सहा माणसं, सहा वाढदिवस. घरातल्या लग्नांचे दोन वाढदिवस. भाऊ-बहिणींच्या घरचे आठ. ऑफिसात महिन्याला एक केक, म्हणजे बारा. मुलांच्या मित्रांचे दहा. झाले ३८. शिवाय दर शनिवारी बाहेर जेवण, ते ५२. एकूण ९०. काही वाढदिवस शनिवारीच साजरे होतात म्हणून दहा-पंधरा वजा करा. तरी दर पाचव्या दिवशी एक "एक दिवस" येतो! आणि यात गणपती, दिवाळी, लग्नसराई धरलेली नाही.

पेशंट कागदाकडे बघत बसला. मला वेगळं काही सांगावं लागलं नाही.

आता मुलांचं बघा. ३०० मिलिलिटर कोलामध्ये ३० ग्रॅमच्या वर साखर असते, म्हणजे सहा चमचे. चहात सहा चमचे साखर घालून तुम्ही आठ वर्षांच्या मुलाला द्याल का? जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं, की वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत राहिली तर जास्त चांगलं. मोठ्या माणसाच्या बाबतीत ते ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम. केक, आइस्क्रीम आणि रिटर्न गिफ्टमधली चॉकलेटं अजून यायचीच आहेत, त्याआधीच एका बाटलीने लहान मुलाने ती मर्यादा ओलांडलेली असते.

मी शिकत होतो तेव्हा लिव्हरवर चरबी दिसली की पहिला प्रश्न दारूचा असायचा. आता बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या सोनोग्राफीवर "फॅटी लिव्हर" असा शेरा माझ्या टेबलावर येतो.

मोठ्यांचं चित्रही वेगळं नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीत भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आणि साडेतेरा कोटी लोकांना मधुमेहाची पूर्वावस्था असल्याचं दिसलं. म्हणजे दहा मोठी माणसं जेवायला बसली, तर त्यातल्या एकाला मधुमेह आणि आणखी एका-दोघांची साखर काठावर, असं धरून चाला. त्यांपैकी काहींना ते माहीतही नसतं.

आग्रह नावाचा आजार

आपल्याकडे प्रेम मोजायचं माप म्हणजे आग्रह. "एक घास माझ्या नावाचा." "आज नाही म्हणायचं नाही हं." नको म्हणणाऱ्याला आपण शिष्ट ठरवतो. पथ्य पाळणारा माणूस सगळ्यांच्या आनंदात विरजण घालणारा ठरतो. मग बिचारा वाद नको म्हणून खातो आणि सोमवारी माझ्याकडे येतो.

इथे मला माझीही चूक कबूल केली पाहिजे. माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाला घरच्यांनी हॉल घेतला होता. आईला मधुमेह होता, तिची फाइल माझ्याच कपाटात होती. पन्नास माणसांसमोर मी केकचा मोठा तुकडा उचलला आणि तिच्या तोंडापाशी नेला. तिने हळूच मान हलवून नाही म्हटलं. लोक "घ्या हो आई, डॉक्टरच देतायत" म्हणून ओरडले. तिने खाल्ला. नंतर बासुंदीही घेतली. दुसऱ्या दिवशी ती फक्त एवढंच म्हणाली, "तू तरी म्हणायला नको होतंस." तो फोटो अजून भिंतीवर आहे. बघणाऱ्याला त्यात मायलेकाचं प्रेम दिसतं. मला तिची ती हललेली मान दिसते.

म्हणून सांगतो, एकदा विचारा. नाही म्हटलं तर विषय तिथेच संपला. मधुमेह, बीपी, किडनीचा विकार किंवा अशक्त हृदय असलेल्या माणसाचं "नको" हे लाजेचं "नको" नसतं.

"डॉक्टर, मग घरच्या बाईने रोज रांधतच राहायचं का?"

हा प्रश्न मला एका पेशंटबाईंनी विचारला आणि तो शंभर टक्के रास्त आहे. बाहेर जेवण्याच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच. रोज दोन्ही वेळा ओट्याशी उभं राहणाऱ्या बाईला आठवड्यातून एक दिवस सुट्टी मिळालीच पाहिजे. पण गंमत बघा, ती सुट्टी द्यायला घरातले बाकीचे लोक ओट्याशी जात नाहीत, ते हॉटेलचा रस्ता धरतात. नवऱ्याला कुकर लावता येतो. मुलांना कोशिंबीर चिरता येते. कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या आणता येतात. तिची सुट्टी आणि तुमची तब्येत, दोन्ही सांभाळता येतात.

दुसरीकडून म्हणतात, "केक ही पाश्चात्त्यांची पद्धत, आपलं औक्षणच बरं." औक्षण जरूर करा, मलाही आवडतं. पण औक्षणानंतर वाटीभर श्रीखंड आणि सहा पुऱ्या खाल्ल्या, तर स्वादुपिंड त्यात देशी-विदेशी बघत नाही.

मग करायचं काय?

साजरं करायचंच. फक्त जरा डोकं लावून.

१. हॉटेलात जायचं असेल तर टेबल आधी ठरवा आणि साडेसातला जेवायला सुरुवात होईल असं बघा. आधी जेवण, मग केक आणि फोटो. ताट येईपर्यंत आजी-आजोबा उपाशी राहणार नाहीत, याची जबाबदारी एकावर सोपवा.

२. मधुमेहाची जेवणाआधीची गोळी किंवा इन्सुलिन घरी घेऊन निघू नका. सोबत न्या. जेवण समोर येतंय हे दिसल्यावर घ्या. ज्यांना जेवणाच्या अर्धा तास आधी इन्सुलिन घ्यायला सांगितलं आहे, त्यांनी अशा दिवशी काय करायचं हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. डोस मात्र मनाने बदलू नका.

३. खिशात ग्लुकोज पावडर किंवा साखरेच्या पुड्या हव्यातच. घाम, थरथर, धडधड, अचानक चिडचिड, असंबद्ध बोलणं ही साखर कमी झाल्याची लक्षणं. ग्लुकोमीटर नसेल तर साखर कमी आहे असंच धरा. तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही तर पुन्हा द्या. बरं वाटलं की लगेच जेवायला द्या आणि डॉक्टरांना कळवा. केक देऊ नका, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, श्वासनलिकेत जाईल. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

४. मुलांच्या पार्टीत कोल्ड्रिंकची जागा पाण्याला किंवा ताकाला द्या. पहिल्या वर्षी मुलं कुरकुरतील, दुसऱ्या वर्षी विसरतील. केक लहान आणा. मेणबत्त्या पेटलेल्या असताना फेसाचा स्प्रे उडवू नका, त्यातला वायू पेट घेतो आणि चेहरा भाजतो.

५. फिरायला जायचं तर खरंच फिरा. आम्हा पुणेकरांचं उदाहरण घ्या. सिंहगडावर गाडीने जायचं, पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही खायचं आणि गाडीनेच खाली यायचं. ही सहल नव्हे, हा जेवणाचा पत्ता बदलणं आहे. चढून जा, मग तीच भाकरी पुण्याची. गुडघे साथ देत नसतील तर सारसबागेत फेऱ्या मारा, नातवंडांना टेकडीवर धावू द्या. मुलांना वाढदिवसाचा कोणता पदार्थ खाल्ला हे आठवत नाही. बाबा आपल्यासोबत दोन तास खेळले हे आठवतं.

ते आजोबा आता ठीक आहेत. या वर्षी नातवाचा सहावा वाढदिवस दुपारी बाराला, घरीच झाला. आजोबा पहिल्या पंगतीला बसले. केकचा पेढ्याएवढा तुकडा त्यांनी मागून घेतला, आणि मला विचारूनच घेतला होता. मी आनंदाने हो म्हटलं होतं.

पुढच्या वेळी "एका दिवसाने काय होतं?" हे वाक्य तुमच्या ओठांवर आलं, तर मनातल्या मनात स्वतःलाच एक प्रश्न विचारा. या वर्षातला हा कितवा एक दिवस?